गंगाफळाची पाई : अमळनेरच्या ओट्यावरच्या नोंदी

2 नोव्हेंबर 2025, रविवार

शेतातून शेवटची गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, घरी आली. जूनमध्ये कपाशीच्या बांधाला चार वेल लावले होते, त्यांची एकूण 17 फळं. सगळ्यात मोठं सात किलोचं, लहान तीनच्या आसपास. व्यापाऱ्यानं भाव सांगितला तो ऐकून ह्यांनी पोती परत गाडीत टाकली. आता ती मधल्या खोलीत पलंगाखाली ओळीनं बसलीत. मी प्रत्येकावर खडूनं नंबर आणि तोडणीची तारीख लिहिली.

घरून केकच्या ऑर्डरी घेते त्याला सहा वर्षं झाली. भाजी, घारगे, भोपळ्याची खीर हे सगळं होणारच, पण 17 फळं त्यात संपत नाहीत. अमेरिकेत याची पाई करतात. मैद्याच्या खुसखुशीत वाटीत भोपळ्याचं घट्ट गोड सारण घालून भाजायची. नोव्हेंबरभर नीट लिहून ठेवत ती बसवायची आणि जमली तर हिवाळ्यात ऑर्डर घ्यायची असं ठरवलं. घरात ‘पाय’ म्हटलं की गोंधळ होतो, म्हणून इथं ‘पाई’च लिहिते.

दोन अटी. डबाबंद काही आणायचं नाही. आणि आई (सासूबाई) अंडं खात नाहीत, तेव्हा शेवटी जी पाई बसेल ती त्यांच्या ताटात वाढता आली पाहिजे.

4 नोव्हेंबर, मंगळवार

पहिला प्रयत्न. फसला.

फळ नंबर 3, पाच किलो चारशे ग्रॅम. अख्खं गंगाफळ बाईनं फोडायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. पहिला घाव ह्यांनी घातला, पुढचं मी कापलं. साल काढून फोडी केल्या, वाटीभर पाणी घालून कुकरला दोन शिट्ट्या केल्या आणि मिक्सरमधून फिरवलं. त्यातला 425 ग्रॅम गर घेतला, कारण अमेरिकेतला घराघरांतला भोपळ्याच्या गराचा नेहमीचा डबा तेवढाच असतो आणि त्यांचं सगळं माप त्याच्यावर बेतलेलं आहे. त्यात दोन अंडी, दीडशे ग्रॅम साखर, साडेतीनशे मिली आटवलेलं दूध, दालचिनी, सुंठ, लवंग. ते लोक डब्यातलं ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’ वापरतात. ते म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी उडवलेलं बिनसाखरेचं दूध. बासुंदी करणाऱ्या घराला त्यासाठी दुकानात जायचं कारण नाही. लिटरभर दूध जाड बुडाच्या पातेल्यात ठेवलं, पाऊण तासात काम झालं.

पाई तासभर भाजली. वर सुंदर रंग आला, सुरी घातली तर आत पातळ पिठलं. खालचा मैदा भिजून पांढराच राहिला, बोटानं दाबला तर कणकेसारखा चिकटला. आईंनी ताटली तिरपी केली, काठाला पाणी सुटलं, आणि त्या एवढंच म्हणाल्या, “व माय, पानी गह्यरं शे यामा.”

गह्यरं म्हणजे पुष्कळ. त्यांचंच बरोबर आहे. लाल भोपळ्यात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. वर मी वाटीभर घातलं आणि कुकरच्या वाफेनं त्यात आणखी भर टाकली.

9 नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद मोठी आहे, कारण खरं काम आज झालं.

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाच्या जेवणाला, आमच्याकडे गंगाफळाची भाजी लागतेच. चुलत घरं धरून सगळं गोत एका घरी जेवतं, आणि ती भाजी गेली चाळीस वर्षं आई करतात. त्या थेंबभर पाणी घालत नाहीत, फोडणीत टाकून झाकण ठेवतात आणि भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते. मला त्यांनी सांगितलं, उकडू नको, भाज.

फळ नंबर 9. हे 28 सप्टेंबरला तोडलेलं, म्हणजे सहा आठवडे मुरलेलं. देठासकट ठेवलं की गंगाफळ महिनोन्‌महिने टिकतं, आणि ठेवल्यानं आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. कापल्यावर फरक डोळ्यांनी दिसला. नंबर 3 चा गर फिकट पिवळा होता आणि सुरीला पाणी लागत होतं. याचा गर शेंदरी, सुरी अडखळत जाणारा, आणि बियांभोवतीचे धागे कोरडे.

सालासकट दोन किलो शंभर ग्रॅमच्या फाका घेतल्या. बिया काढल्या, कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये 200 अंशांवर 50 मिनिटं भाजल्या. साल सुरकुतली, काठ करपट तपकिरी झाले आणि घरभर रताळं भाजल्याचा वास सुटला. चमच्यानं गर खरवडला तो भरला 1 किलो 350 ग्रॅम. मग श्रीखंडाच्या चक्क्याला बांधतो तसा धुवट पंचात बांधून रात्रभर नळाला टांगला. सकाळी गर 960 ग्रॅम, खालच्या पातेल्यात 390 ग्रॅम पाणी.

ते पाणी ओतून देऊ नये. मधाच्या रंगाचं आणि गोड असतं. मी त्यात गूळ विरघळवून कणीक भिजवली आणि संध्याकाळी घारगे तळले.

मग टांगून झालेला गर बिडाच्या कढईत मंद आचेवर परतला. आधी फुटफुट उडतो, हातावर चटके बसतात. दहाएक मिनिटांनी आवाज बदलतो, फुटफुट थांबून सर्र होतं. उलथन्यानं मधून रेघ ओढली की ती रेघ क्षणभर तशीच राहते आणि कढईचा तळ दिसतो. तिथं थांबायचं. वीस मिनिटांत 700 ग्रॅम उरले.

म्हणजे दोन किलो शंभरचे सातशे ग्रॅम, बरोबर एक तृतीयांश. ऑर्डरीसाठी हाच हिशोब धरणार: एका पाईला सव्वा किलोची फाक.

12 नोव्हेंबर, बुधवार

आज फक्त वाटीचा मैदा.

यात माझे हात आड येतात. खापरावरच्या मांड्यांची कणीक आपण तिंबतो, आपटतो, इतकी लवचिक करतो की गोळा मनगटापासून कोपरापर्यंत हातावर लांबवता येतो. पाईला नेमकं त्याच्या उलट पाहिजे. जितकं मळाल तितका मैद्याला ताण येतो, वाटी भाजताना आकसते आणि चिवट होते. पीठ एकत्र आलं की हात काढून घ्यायचा. ते दिसायला भेगाळलेलं, अर्धवटच वाटतं.

मोहनाचंही तसंच. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो, म्हणजे कणकण तुपात माखतो आणि पदार्थ खुसखुशीत होतो. इथं तूप-लोणी थिजलेलं पाहिजे, आणि ते हरभऱ्याच्या दाण्याएवढं पिठात दिसत राहिलं पाहिजे. भट्टीत ते वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि जिथं दाणा होता तिथं पदर सुटतो. साटा लावलेल्या करंजीला पदर सुटतात त्याच घराण्यातलं हे काम आहे.

मैदा 200 ग्रॅम, मीठ पाव चमचा, पिठीसाखर एक चमचा, थंडगार लोणी 60 ग्रॅम, वनस्पती तूप 40 ग्रॅम, बर्फाचं पाणी चार ते पाच चमचे. नुसत्या लोण्याला चव जास्त, पण ते आमच्या हवेत लगेच मऊ पडतं. नोव्हेंबरात पहाटे गारवा असतो म्हणून जमतं. एप्रिल-मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, हे करायला मी जाणार नाही. वनस्पती जास्त उष्णता सोसतं, म्हणून थोडं ते.

वनस्पतीचा डबा हातात घेतला की या गावात एक गोष्ट आठवतेच. 1945 साली मोहम्मद हुसेन हशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी इथं अमळनेरला काढली ती वनस्पती तूप करायला. त्याच नावाचं पुढे विप्रो झालं. अमेरिकेत पाईच्या पिठाला जे ‘शॉर्टनिंग’ वापरतात ते आणि हे एकाच जातीचं, तेलावर हायड्रोजनची क्रिया करून घट्ट केलेलं. पाईचं अर्धं सामान आमच्या गावच्या इतिहासात आधीच होतं, याचा मला मनापासून आनंद झाला.

गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवून लाटला, नऊ इंची टिनमध्ये बसवला, पुन्हा अर्धा तास गार केला. वर बटरपेपर घालून त्यावर कोरडे हरभरे पसरले, म्हणजे तळ फुगत नाही. 200 अंशांवर 15 मिनिटं, मग हरभरे काढून आणखी दहा. ते हरभरे आता शिजायचे नाहीत. बरणीत वेगळे ठेवलेत, पुढच्या वेळी तेच.

15 नोव्हेंबर, शनिवार

मसाल्यावर घरात वाद. दालचिनी एक चमचा, सुंठ अर्धा, लवंग पाव, असं तिकडचं माप. मी मिसळून आईंच्या नाकाशी नेलं. “हाऊ ते काया मसालाना वास शे.” आणि खरंच, आमच्याकडे दालचिनी-लवंगेचा वास म्हणजे काळा मसाला, शेवभाजी. गोडात तो आला की जीभ बावचळते.

लवंग दोन नगांवर आणली, दालचिनी अर्धा चमचा, सुंठ तेवढीच, आणि जायफळ थोडं वाढवलं. जायफळ त्यांच्या मसाल्यातही असतं आणि आमच्या पुरणातही, त्यामुळे दोन्हीकडून ओळखीचं. वेलची घातली नाही. वेलची घातली की ती पाई राहत नाही, भोपळ्याचा हलवा होतो.

16 नोव्हेंबर, रविवार

दुसरी पाई, अंड्याची, वेगळ्या भांड्यात. आटवलेला गर 425 ग्रॅम, बाकी माप पहिलंच, साखर 120 ग्रॅम. मुरलेल्या फळाला तेवढी पुरते. आधी 220 अंशांवर 15 मिनिटं, मग 175 वर आणून 45.

घट्ट बसली! कापल्यावर कड उभी राहिली. फक्त वर एक भेग गेली, कारण मी मधला भाग पूर्ण घट्ट होईपर्यंत आत ठेवली. अंड्याचं सारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेनं शिजत राहतं, म्हणून काठ घट्ट आणि मधला तळहाताएवढा भाग टिन हलवल्यावर थरथरतो तेव्हाच काढायची. जाऊबाईंच्या मुलांनी अर्ध्या तासात टिन रिकामं केलं. तळ अजून हवा तसा खुटखुटीत नाही.

19 नोव्हेंबर, बुधवार

बिनअंड्याची पहिली. बिघडली, आणि चूक माझीच.

साखरेऐवजी सगळा गूळ घातला. गर कढईत असतानाच गूळ विरघळवला, ते ठीक होतं. पण मिश्रण कोमट असतानाच आटवलेलं दूध ओतलं आणि गॅस लावला. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं, हे कोणत्याही मराठी बाईला झोपेतही माहीत असतं. म्हणूनच आपण गुळाच्या खिरीत दूध शेवटी, गार झाल्यावर घालतो. सारण रवाळ झालं, जिभेला कणी लागत होती.

पुढच्या वेळी साखर 90 ग्रॅम, आणि गूळ फक्त दोन चमचे, तोही गर परततानाच, रंगासाठी आणि खमंगपणासाठी.

22 नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वाटी भाजून झाली आणि वीज गेली. दुपारपर्यंत येणार नाही असं कळलं. सारण वाटीत ओतून वाट पाहत बसले असते तर तळ पुन्हा भिजला असता. मग सारण स्टीलच्या डब्यात, वाटी टिनसकट पिशवीत, आणि स्कूटरवरून थेट बेकरीच्या भट्टीवर.

दिवाळीत आम्ही सगळ्या बाया तिथंच नानकटाई भाजायला नेतो, म्हणून भट्टीवाल्या चाचांची ओळख आहे. लाकडावर तापणारी विटांची भट्टी, सकाळचा पाव निघून गेलेला, आच उतरलेली. चाचांनी आत हात घालून मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “ताई, आता ठेवा. आधी ठेवली असती तर करपली असती.” मी तिथंच सारण ओतलं, त्यांनी लांब दांड्याच्या फळीवरून टिन आत सरकवलं. 35 मिनिटं.

घरी येऊन गार झाल्यावर टिनमधून उलटवून पाहिलं. तळ टोस्टसारखा बदामी! टिचकी मारली तर टक्‌ वाजला. इतके दिवस मी सारणातलं पाणी काढत होते ते बरोबरच होतं, पण उरलेलं पाणी खालून उडवायला खालूनच आच लागते. भट्टीची तापलेली वीट ते करते. माझ्या ओव्हनमध्ये टिन जाळीवर अधांतरी असतं, खाली नुसती गरम हवा.

23 नोव्हेंबर, रविवार

भाकरीचा बिडाचा तवा ओव्हनमध्ये सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवून अर्धा तास तापवला आणि पाईचं टिन त्यावर. भट्टीइतका नाही, पण तळ बदामी झाला. हा प्रश्न सुटला.

27 नोव्हेंबर, गुरुवार

आज अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, 1941 मध्ये तिथं तसा कायदाच झाला. घराघरांत आज ही पाई असेल.

दोन दिवस याच्याबद्दल वाचत होते. अमेलिया सिमन्स यांच्या 1796 सालच्या पाककृतींच्या पुस्तकात भोपळा, दूध, अंडी, आलं घालून पिठाच्या आवरणात भाजायची कृती आहे, म्हणजे आजच्या पाईची थेट आजी. पण मला जास्त भावलं ते दुसरंच. तिकडे दारात कोरून दिवा लावतात तो नारिंगी भोपळा वेगळ्या जातीचा, कुकुर्बिटा पेपो. पाईसाठी जो गर डब्यात भरतात तो बहुतेक डिकिन्सन नावाच्या फिकट बदामी भोपळ्याचा, आणि त्याची जात कुकुर्बिटा मोशाटा. त्या जातीची खूण देठात असते: कडक, पाच कंगोऱ्यांचा देठ, आणि फळाला चिकटतो तिथं पसरट झालेला.

पलंगाखालून नंबर 12 ओढून काढला आणि देठावर बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच कंगोरे. खाली बैलाच्या खुरासारखा फाकलेला.

आपलं गंगाफळ म्हणजे तेच. मुळात ते अमेरिका खंडातलं फळ. मिरची, भुईमूग, टमाटे आले तसंच समुद्रापलीकडून आलं आणि कानबाईच्या नैवेद्यापर्यंत पोचलं. मिरची आणि शेंगदाण्याशिवाय खान्देशचं जेवण मला कल्पनेतही उभं करता येत नाही, तसंच हेही.

आजची पाई, शेवटचं माप. आटवलेला गर 425 ग्रॅम, त्यात परततानाच दोन चमचे गूळ. गर पूर्ण गार. लिटरभर दुधाचं आटवून केलेलं 350 मिली दूध, तेही गार. त्यातल्या वाटीभर दुधात कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे कालवलं. साखर 90 ग्रॅम, मीठ पाव चमचा, मसाला 15 तारखेचा. सगळं एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळत शिजवलं. आधी दुधासारखं, मग एकदम उलथन्याला जड लागतं आणि मोठे बुडबुडे येतात. बुडबुडे आल्यावर एक मिनिट, आणि गॅस बंद. कॉर्नफ्लोअर पुरतं शिजलं नाही तर कच्चट लागतं आणि नंतर पाणी सोडतं. कोमट झाल्यावर भाजलेल्या वाटीत ओतलं, तापल्या तव्यावर 180 अंशांना 30 मिनिटं. मग चार तास ओट्यावर, हात न लावता. गरम कापू नये, कितीही वास आला तरी.

रात्री जेवणानंतर आईंना पहिला तुकडा. त्यांनी आधी चमच्यानं तळ ठोकून पाहिला, मग ताटली तिरपी केली. काठाला काही सुटलं नाही. खाल्ल्यावर म्हणाल्या, “आते जमनं,” आणि दुसरा तुकडा स्वतःच्या हातानं कापून घेतला.

30 नोव्हेंबर, रविवार

पाई फ्रीजमध्ये तिसऱ्या दिवशीही चांगली राहिली, तळ थोडा मऊ पडला. चौथ्या दिवसाची शाश्वती देणार नाही. आटवलेला गर डब्यात घालून बर्फकप्प्यात ठेवलाय, तीन पाईंचा. चाचांशी बोलणं झालं, शनिवारी पाव निघाल्यावर भट्टी मला मिळेल, एका वेळी सहा टिनं बसतात. पहिली ऑर्डर शेजारच्या काकूंची, नातीच्या बारशाला दोन.

नंबर 9 च्या बिया निवडल्या. भरलेल्या तेवढ्या घेतल्या, चपट्या भाजून मुलांना दिल्या. धुऊन, राखेत घोळून, गच्चीवर सावलीत वाळवल्या आणि डब्यात भरल्या. एकूण 64. झाकणावर चिठ्ठी लावली: “गंगाफळ, विहिरीकडच्या बांधावरचा वेल, तोडणी 28 सप्टेंबर, गर शेंदरी, कोरडा. जूनमध्ये आधी हे.”